कालचं तिकीट

आपिया ते पागो पागो:
सव्वाशे किलोमीटर, चाळीस मिनिटं,
वारा समोरून असला तर वर पाच.
दिवसभर हेच सांगते मी खिडकीतून,
आणि कुणीतरी विचारतंच, पोचू कधी?
काल, म्हणते मी.
पाहुणे हसतात, फोटो काढतात
माझ्यामागच्या दोन घड्याळांचा.
काटे दोन्हींत एकाच जागी;
वार तेवढा वेगळा, खाली पुठ्ठ्यावर लिहिलेला.

मोएलागी हसली नाही.
चपला काढून काट्यावर चढली.
विमान लहान, माणसंही तोलावी लागतात.
काखेत केवड्याच्या पातीची चटई,
मयताला नेतात तसली,
बोट फिरवलं तर रेशीमच वाटावी.

"बहिणीचा फोन सोमवारी संध्याकाळी आला," म्हणाली,
"आई गेली म्हणून.
आज मंगळवार.
मी उतरणार सोमवारी सकाळी."
थांबली.
"म्हणजे फोनच्या आधी."

बारा वर्षं या खिडकीत बसतेय,
उत्तर तोंडपाठ आहे मला:
रेघ नकाशावर असते, बाई,
समुद्रात काही नसतं,
खाली तेच पाणी, तेच मासे.
नाही बोलले.
"परतीचं?" एवढंच विचारलं.
"नंतर बघू. येताना एक दिवस जातोच ना?"
"हो. तो मिळत नाही कुठे."

मग रजिस्टरात लिहिलं:
प्रवासी एक, चौऱ्याऐंशी किलो.
चटईचं वजन वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं,
त्याचे पैसेही असतात.
रकाना कोरा सोडला
आणि पुढच्या माणसाला हाक मारली.