नमुना क्रमांक एकेचाळीस

महूच्या कॉलेजातून निघाले तेव्हा थैलीत
पासष्ट बाटल्या, पासष्ट कागद,
आणि एक प्रश्न, जो दारात उभं राहून विचारताना
पहिला आठवडाभर जीभ अडखळायची:
"तुमच्या मांजराची शी मिळेल का?"

रामबागेत कोणी हसलं, कोणी आत वळून ओरडलं,
"अहो, बघा तरी, ही काय मागतेय!"
एका काकांनी आधी चहा दिला, मग नमुना,
दोन्ही स्टीलच्या झाकणाखाली.

इथे सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
ओला, सुका, काच, लोखंड,
सगळं वेगळं करून लोक पायरीवर उभे.
मला हवं होतं ते कुठल्याच डब्यात नव्हतं.

कागदावरचे प्रश्न सोपे.
वय किती. उंदीर धरते का. कच्चं मटण?
अंगावर पिसवा? जंताचं औषध शेवटचं कधी?
घराबाहेर जाते का?
या शेवटच्याला सगळ्यांचं उत्तर एकच,
"छे, आमची उंबरा ओलांडत नाही,"
आणि तेवढ्यात ती पत्र्यावरून उतरायची,
मिशीला कुणाच्या तरी घरची साय.

पाग्यांकडे दारं दोन.
मधे विटांची भिंत, अकरा वर्षांची,
गिलाव्याचे पैसे कोणी द्यायचे यावर अडलेली.
अलीकडे प्रमिलाबाई, साड्यांना फॉल-पिको.
त्यांचा बंटी. लिंग: नर. "पहलवान आहे, बघा ना!"
पलीकडे धाकट्या जाऊबाई, कुंदाताई.
त्यांची शेवंती. लिंग: मादी. दूध-पोळी, रविवारी अंडं.
उंबरा दोघीही म्हणाल्या.
एकेचाळीस. बेचाळीस.

रात्री प्रयोगशाळेत मिठाचं घट्ट पाणी,
वर काचेची चकती, वीस मिनिटं थांबायचं.
हलकं असतं ते वर येतं.
गोलकृमीची अंडी, जाड कवचाची,
लिंबाच्या सालीसारखी खडबडीत, आत काळोख.
वाईट आहेत हे ठाऊक असूनही
मी जरा जास्तच वेळ बघत बसते.
सोबत पट्टकृमीचा तुकडा,
काकडीच्या बीएवढा, अजून वळवळणारा.
बेचाळीसमध्ये तेच.
शिवाय चिमट्याला एक धागा लागला,
हिरवा, जरीचा.
कुंदाताईंच्या घरात शिवणयंत्र नाही.

सकाळी जाऊन बघितलं: बंटीच्या डाव्या कानाला चीर.
शेवंतीच्याही.
गाईड म्हणाले, एक बाद कर, चौसष्ट लिही.
ठीक. पण गोळी?
वजन सव्वातीन किलो, गोळी एक.
दोन घरांनी लाडाने दोन भरवल्या तर?

भिंतीच्या टोकाशी उभी राहिले, जिथून दोन्ही दारं दिसतात,
आणि तोंडी परीक्षेसारखं सांगत सुटले:
पिसू गिळली की पट्टकृमी;
उंदरातून, मातीतून, आईच्या दुधातून गोलकृमी;
मोकळं हिंडणं, ठिकठिकाणी जेवणं,
औषध कोणी दिलं याचा हिशेब नसणं.
हे शेवटचं पुस्तकात नव्हतं.

बराच वेळ नुसता मशीनचा आवाज.
मग तोही थांबला.
"म्हणजे आमचा बंटी बाई आहे?"
पलीकडे कोणीतरी हसू दाबलं,
नीट दाबता आलं नाही.

गोळी फॉलच्या कात्रीने अर्धी झाली.
धुवून घ्या, म्हटलं मी.
एक अर्धी अलीकडे राहिली,
दुसरी वाटीत घालून, माझ्या हाती, पलीकडे.
समोरासमोर कोणी काही बोललं नाही.
"त्यांना सांगा, तुपात लपवून द्या म्हणावं,
नाहीतर थुंकतो. थुंकते."

तीन आठवड्यांनी बाटली एकच आली,
चिठ्ठीवर दोन हस्ताक्षरांत दोन नावं.
अंडी शून्य.
तो एक रकाना मात्र मी अजून कोरा ठेवलाय,
घराबाहेर जाते का, हो की नाही.
गाईडनी पेन्सिलीने गोल करून
कागद दुसऱ्यांदा परत पाठवलाय.