आगाऊ

चौथ्यांदा फोन आला तेव्हा मातीच्या भांड्यात भात शिजत होता.
"विनार्सिह आहे का?"
माणूस कँटोनीजमध्ये बोलत होता, नको तितक्या अदबीनं.
मी म्हटलं, ताय पोच्या बाजारात गेलीय.
ती समोरच उभी होती,
हातात ओला चमचा.

मैत्रिणीला जामीन राहिली होती.
मैत्रीण सुराबायाला परतली,
हप्ते इथंच राहिले, आमच्या सतराव्या मजल्यावर.
पासपोर्टसुद्धा त्यांच्याकडे.

नवरा म्हणाला, एजन्सीला कळव.
मी का-यानची गणिताची वही काढली,
मागच्या पानावर लिहिलं:
महिना सहाशे, व्याज नाही.
तिनं सही केली, पेन ठेवलं नाही.
"मॅडम, आज खोटं बोललात,
त्याचे किती मांडू?"

भात खाली लागला होता.
आमच्यात तो थर खरवडून खातात.