आमच्याबद्दल

आधी त्या पानाचं नाव होतं ‘माझ्याबद्दल’.
प्रभाकर निमजे, मानेवाडा, नागपूर,
वीज मंडळातून निवृत्त.
छंद : जुने कूलर उघडून बसणे.
खाली फोटो. मी, आणि शेजारी
पंच्याऐंशी सालचा पत्र्याचा कूलर,
दोघांचाही रंग उडालेला.

नऊ वर्षं वेबसाइटवर कोणी फिरकलं नाही.
म्हणजे भाची बघायची, माझ्या वाढदिवसाला.
आणि चंद्रपूरचे एक ढोके, दर एप्रिलात फोन करायचे :
‘मागल्या साली सांगितलं तसंच करू ना, जी?’
तसंच करा, मी म्हणायचो.

लिहायचो मात्र नेटानं :
टाकीतल्या पाण्याला मासळीचा वास का मारतो,
वाळ्याची ताटी कोणत्या बाजूनं आधी मरते,
पंप रडतो तो म्हातारा झाला म्हणून नव्हे,
त्याच्या नरड्यात शेवाळ असतं म्हणून.
फुकट लिहायचो.
फुकटात एक ऐट असते,
ती गेल्यावर कळली.

नवतपाचा चौथा दिवस. अमरावतीहून एक बाई :
‘काका, तुम्ही लिहिलाय तोच पंप पाठवता का?
इथला मेकॅनिक फोन उचलूनच नाही राह्यला,
घरात बाळंतीण आहे.’
डोक्याला ओला दुपट्टा बांधून इतवारीत गेलो.
पंप दोनशे चाळीस, कुरिअर नव्वद,
मी मागितले तीनशे तीस.
दीपशिखा हिशेब बघून म्हणाली,
‘मामा, तुम्ही तर तुमचं ऊनही धरलं नाही.’

पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली.
छंद काढला.
फोटोत कूलर ठेवला, मला कापलं.
प्रत्येक सल्ल्याखाली एक केशरी बटण : ‘विकत घ्या’.
आणि ‘माझ्याबद्दल’चं केलं ‘आमच्याबद्दल’.
काऊन वं, मी म्हटलं, आम्ही कोण?
घरात मी एकटा.
‘एकट्याला लोक पैसे पाठवत नाहीत, मामा.’

मग जीएसटीचा नंबर. मग बँकेतल्या पोराची तीनदा सही.
साडेचार हजारांच्या ताट्या ट्रान्सपोर्टमध्येच भिजल्या.
वाळा भिजायलाच जन्मतो,
पण पोहोचायच्या आधी नाही.
एक पंप परत आला, सोबत चिठ्ठी :
‘आवाज येत नाही, त्यामुळे झोप येत नाही.’
त्याचेही पैसे परत केले.
जुलैत सगळं ठप्प. ऑगस्टात मी पावसाला
शिव्या देणारा माणूस झालो होतो.

दुसऱ्या सालचा नफा एकोणीस हजार दोनशे.
वहीत लिहिला, वही उशीखाली घेऊन झोपलो,
जसे काही पैसे तिच्यातच आहेत.
तिसऱ्या साली आकडा सांगायचा नाही असं दीपशिखानं बजावलंय.
बैठकीत आता सोफा नाही,
पाहुणे पंपांच्या खोक्यांवर बसतात.
रज्जाकभाई ताट्या उधार देतात, सीझनचं सीझनला.
पॅकिंगला कुंदा मेश्राम येते,
तिनं मारलेली गाठ
गिऱ्हाइकाला कात्रीशिवाय सुटत नाही.

आणि एका दुपारी, चार फोन एकदम,
मी उचलला आणि म्हणालो, ‘ऑर्डर नंबर?’
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग :
‘नंबर नाही जी. ढोके. चंद्रपूर.
तसंच करू का, एवढंच विचारायचं होतं.’

मी काय म्हणालो ते आठवत नाही.
बहुतेक, हो म्हणालो.
त्यांनी आभार मानले. ते जास्त झालं.

रात्री ते पान उघडलं. तीन वर्षं त्यावर
‘उत्कृष्ट सेवा, वाजवी दर’ एवढंच होतं.
पुसलं. बसून नावं लिहिली.
रज्जाकभाई, ताटीवाले. दीपशिखा, जी माणसं कापते.
ढोके, चंद्रपूर, काही विकत घेत नाहीत.
कुंदा मेश्राम, गाठी.
माझं सुचेना, तिथं जुना छंदच टाकला.

दीपशिखाचा मेसेज आला, ‘हे काय, मामा?
ह्यानं धंदा होतो का?’
माहीत नाही, लिहिलं मी.

सकाळी कुंदानं हात पुसत वाचलं,
दोनदा वाचलं.
‘माह्यं नाव त्या ढोक्यांच्या खाली काऊन, जी?
मी तर रोज येतो.’

बरोबर होतं तिचं.
वर घेतलं.