मऊ पाणी

पहिल्या पाळीला आलो की आधी पाणी बघतो.
परीक्षानळीत दोन थेंब टाकायचे, हलवायचं.
लालसर राहिलं तर जड,
निळं उतरलं तर मऊ.
जड पाणी बॉयलरला चालत नाही,
नळ्यांवर पांढरा थर धरतं,
जळण वाढतं, वाफ घटते,
मग ऑफिसातून फोन येतो : मढवी, आज काय?

पाणी मऊ करायला मीठ लागतं.
पन्नास किलोची गोणी, वर निळ्या अक्षरांत गांधीधाम.
फोडताना मी ते नाव जमिनीकडे करतो.
कारण सांगण्यासारखं नाही.

हे बॉयलर-हाऊस आहे
तिथे आमच्या चौथ्या कोंडीचा बांध होता.
भरतीला उघाडी काढून बाप खाडी आत घ्यायचा,
तापवणातून कोंडीत, त्या कोंडीतून पुढच्या,
आणि मग नुसता बसायचा.
बसणं हेही काम असतं, हे मला
गेजच्या काचेसमोर बसायला लागल्यावर कळलं.
तोही पाण्याची वाफच करायचा.
वाफ सोडून द्यायचा, उरलेलं ठेवायचा.
आम्ही वाफ ठेवतो, उरलेलं गटारात.
त्याला ब्लो-डाऊन म्हणतात,
पाळीत दोनदा.

मी लागलो तेव्हा कोळसा होता,
घरी जाऊन थुंकलो तरी काळं.
मग फर्नेस ऑइल,
थंडीत दह्यासारखं घट्ट, आधी तेच तापवायचं.
मग रबाळ्याचा रस्ता खणून गॅस आला, साहेबांनी पेढे वाटले.
दर वाढले तशा भुश्याच्या कांड्या आल्या :
उसाचं चिपाड, भाताचं तूस, शेंगांची टरफलं.
एकदा ढिगात आख्खी शेंग सापडली.
खाल्ली.
चार जळणं झाली, दाब तोच, साडेदहा.

एका दसऱ्याला बापाला पूजेला आणलं होतं.
हार घातलेल्या बॉयलरपासून हातभर लांब उभा राहिला.
"यवरी आग कनाला? मीठ पिकवतंस का?"
नाय, कापड रंगवतात.
"मंग उनाला काय झायला?"
मी त्याला प्रसाद दिला.

गेल्या मार्चात शेडच्या पत्र्यावर सोलर बसलं.
सव्वादोनशे पाट्या, सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून,
पंगतीला बसल्यासारख्या.
दिवाळीनंतर कुबल मॅडम म्हणाल्या,
युनिट कमी पडतायत, जरा वर जाऊन बघा.
गेलो. खाडीवरून वारा सुटला होता.
काचांवर फिकट साय आलेली.
बोट फिरवलं, जिभेला लावलं.

खालून ओरडल्या, काय आहे? धूळ?
म्हटलं, पीक.

त्यांना ऐकू गेलं नसावं.
म्हणाल्या, बारवीच्या पाण्याने नको, डाग राहतात,
सॉफ्टनरचं मऊ पाणी घ्या.
म्हणजे खाडीचं मीठ धुवायला
कच्छचं मीठ.
गोणी फोडली. दोन थेंब टाकले. निळं.
बादल्या वर चढवताना
गुडघ्यांनी वयाचा हिशेब सांगितला.

दुपारपर्यंत सगळ्या धुतल्या,
खाडीकडच्या कोपऱ्यातली एक सोडून.
मॅडमच्या स्क्रीनवर ती वेगळी दिसत असणार.
अजून विचारलेलं नाही.