कोरा फिल्टर, क्रमांक सतरा

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलेला माझा पंप
मिनिटाला पावणेसतरा लिटर हवा ओढतो.
निवांत बसलेला माणूस याच्या निम्मीच घेतो.
तुरीचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा
दुपटीहून जास्त.
पंपाला मात्र खोकला येत नाही.

आत एक साधा डाव आहे.
हवा वेगानं येते आणि अचानक वळण लागतं.
जड कणांना वळता येत नाही, ते समोर आपटून तिथेच बसतात.
हलके वळतात, पुढे जातात,
पांढऱ्या फिल्टरवर टेकतात.

‘म्हंजे सूपच ना,’ सुपडू कोळी म्हणाला,
मिलचा रात्रीचा वॉचमन, मफलर कानाला गच्च.
‘आम्ही उडस ते सोडी देतस,
तुम्ही तेच धरतस.’
प्रबंधात याला मला चार पानं लागली होती,
आकृतीसकट.

नावाचं त्यानं न विचारताच सांगितलं.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं
जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं.
मावशीनं पाच पैशांना विकत आणलं.
मरणाला वाटावं, हे पाखडून टाकलेलं आहे.
सत्तावन्न वर्षं त्याला वाटतंय तसंच.

जानेवारीत हवा खाली दबते.
पहाटे चारला शहराचा सगळा श्वास
गच्चीच्याच उंचीवर तरंगत असतो.
फिल्टरवर पोटॅशियम वाढलं की मला कळतं,
काल कुठल्या तरी मळ्यात
काट्या पेटवून वांगी भाजली, भरीत झालं.
वारा भुसावळकडून आला की राखेचे गोळे दिसतात,
सूक्ष्मदर्शकाखाली इतके गुळगुळीत गोल
की सराफ बाजारातल्या कारागिरालाही जमणार नाहीत.
डिझेलच्या काजळीच्या माळा.
तुरीच्या सालीचे कोनेरी तुकडे.
मी त्यांना नावानिशी ओळखते,
ते मला ओळखत असतील तर आतून.

पद्धत अशी, की दर दहा फिल्टरमागे एक कोरा न्यायचा.
गच्चीपर्यंत न्यायचा, उघडायचा नाही,
परत आणायचा, तोलायचा.
त्याचं वजन वाढलं तर ती आपली चूक,
आणि ती सगळ्यांतून वजा करायची.

क्रमांक सतरा अकरा मायक्रोग्रॅमनं वाढून आला.

तीनदा तोलला. खोलीचं दार लावून,
पंखा बंद करून, श्वास धरून तोलला.
अकराच.

विचारलं तर सुपडू लाजला.
रात्री लाईट गेली, पंप थांबला,
टॉर्च घेऊन तो बघायला वर गेला.
डबी पडलेली दिसली, उघडी.
भुकटी बसली असेल म्हणून
सदऱ्याच्या टोकानं कड पुसली
आणि हळूच फुंकर मारली,
नातीच्या डोळ्यात कुसळ गेल्यावर मारतात तशी.
‘स्वच्छच व्हता मॅडम. मी पाहा ना.’

फुंकर मारताना त्याला ढास लागली असणार.
तो सांगणार नाही.
मिलमध्ये एकतीस वर्षं. आधी चाळणीवर,
दम लागायला लागला तेव्हा गेटवर.

लेखात मी लिहिलं आहे:
एक कोरा नमुना हाताळणीत दूषित झाला, तो वगळला.
परीक्षकानं त्या ओळीवर काही विचारलं नाही.

वगळायला हवाच होता.
तो शहराच्या हवेचा नमुना नव्हता,
ती हवा एकदा आत जाऊन
बाहेर आली होती.

सतरा नंबरची डबी उणे वीसवर आहे,
मागच्या कप्प्यात, बर्फ साठलेल्या बाजूला.
सोमवारी गच्चीवर नवे दहा न्यायचे आहेत.
या वेळी अकरा मास्कही घेतले,
दहा मिलसाठी, एक त्याच्यासाठी.
तो म्हणेल, दम कोंडतो.
खरं म्हणेल.