नोंद घेण्यात आली

कौंटीच्या नकाशात पिवळा रंग केंद्राचा.
हिरवा वनखात्याचा, म्हणजे तोही केंद्राचाच.
निळे चौकोन राज्याचे, गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखे,
आणि नदीच्या काठाला धरून
नखाच्या कोरेएवढा पांढरा
आमचा.

नऊ वर्षं मी इथे कारकून आहे.
आयडाहोतलं ग्रेनर गाव, एक पेट्रोलपंप, एक शाळा,
कोर्टाच्या तळघरात सभागृह. छतावर ओल आलेला एक डाग,
तो हुबेहूब शेजारच्या ओरेगनसारखा दिसतो.
वॉशिंग्टनमधली कार्यालयं बंद होतात तेव्हा
आमच्या घड्याळात तीन वाजलेले असतात.
म्हणून सभा दोनला.

आजचा विषय: मॅगपाय झरा.
झऱ्याभोवती कुंपण घालायचं,
तिकडे जाणारी चाकोरी बंद करायची.
जिल्हा व्यवस्थापक हॉल्वर्सन नुकताच बदलून आलाय,
त्याच्या सामानाच्या खोक्यांवरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही.
तो म्हणाला, तुमच्याशी सल्लामसलत करणं
कायद्यानं आम्हाला बंधनकारक आहे.
मी इंग्रजीत लिहून घेतलं,
पण मराठीत तो शब्द मधोमध उकलला:
सल्ला आज आमच्याकडून घेणार,
मसलत तिकडे आधीच उरकलेली.

कमिशनर उरियार्तेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
तो त्यांनी काढला की सभा लांबते.
"आग लागली की पहिला बंब आमचा,
हरवलेला शिकारी शोधायला आमचा शेरीफ,
आणि चाकोरीला कुलूप लावताना तुम्ही पत्र पाठवता.
तेही साध्या टपालानं."

मग जनतेचं म्हणणं. प्रत्येकी तीन मिनिटं.
टॉलिव्हर उभा राहिला, टोपी हातात.
ते गवत माझं नाही, मला माहीत आहे, तो म्हणाला,
परवान्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात तसं छापलंय.
पण कुठल्या उतारावर बर्फ आधी वितळतो
ते परवान्यावर छापलेलं नाही.
एवढंच बोलला. खाली बसताना खुर्ची करकरली.

आर्डिस सॅम आली दोन तासांची गाडी चालवून, राखीव प्रदेशातून.
"फाटक पूर्वेला की पश्चिमेला, यावर तुमचा वाद चाललाय.
आम्ही झऱ्यावर येतो तेव्हा
फाटक उघडत बसत नाही. चढून जातो."
कुणीतरी हसलं. ती हसली नाही.
तिचं एक मिनिट शिल्लक राहिलं,
ते कुणाच्या खात्यावर जमा करायचं
मला कळेना.

आमच्या गावाला गायरान होतं.
त्यावर पाटी नव्हती, रंग नव्हता,
गाढवं चरायची, पोरं क्रिकेट खेळायची,
सगळ्यांचं होतं, म्हणून कुणी मोजलं नाही,
आणि एका उन्हाळ्यात बघतो तर
त्याचे प्लॉट पडलेले, चुन्याच्या फक्कीनं आखलेले.
तेव्हापासून मला पिवळ्याचा राग पुरता येत नाही
आणि पांढऱ्याची बाजू पुरती घेता येत नाही.
हे मी सभेत बोलले नाही.
कारकुनाला तीन मिनिटं नसतात.

शुक्रवारी पत्राचा मसुदा झाला.
पहिल्या वाक्यात विरोध होता,
कौंटीच्या वकिलानं हरकत केली,
उरियार्तेबाईंनी पुन्हा विरोध केला,
शेवटी 'तीव्र काळजी'वर तडजोड झाली.
चार सह्या, एक शिक्का, या वेळी रजिस्टर्ड.

उत्तर आलं चौदा महिन्यांनी. तोवर हॉल्वर्सनची बदली झाली होती.
आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.
फाटक पश्चिमेला बसवण्यात येत आहे.
आम्ही पूर्वेला मागितलं होतं की पश्चिमेला,
ते बघायला मला जुनी फाइल काढावी लागली.

रविवारी मी गेले तिथे. चाकोरी बंद, म्हणून पायी.
सेजच्या झुडपांचा कडवट वास, पाच तारा, नवं कोरं फाटक,
कुलूप अजून चकचकीत.
सर्वात वरच्या दांडीवर बुटाचा ठसा,
चिखल ओला.

त्यावर हात टेकून
मीही चढले.