अठ्ठ्याहत्तरावी रेघ

सेमिस्टर तिसरं. नांदेडच्या लॅबमध्ये इन्व्हर्टर कण्हतोय
आणि मी किनवटचं अख्खं सागवान
अरबी समुद्रात बुडवून बसलेय.

स्क्रीनवर दिसतंय ना, मुंबईच्याही पलीकडे, खोल निळ्यात
माझे ओढे, टेकड्या, वनखात्याचे अकरा कक्ष,
एकही पान न भिजता.
एरर आली नाही. प्रोग्राम म्हणाला, झालं.
याचीच धास्ती वाटते मला,
चुकतानाही तो इतका नम्र असतो.

मठपती मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.
चहाचा कप माझ्या वहीवर टेकवत म्हणाल्या,
"जिल्हा एक असला म्हणून काय झालं?
पृथ्वीची साल इथं दोन पट्ट्यांत निघते.
नांदेड त्रेचाळिसात, किनवट चव्वेचाळिसात.
तू याचे आकडे त्यात ओतलेस."

एक ओळ बदलली.
जंगल उठलं, सहा अंश चालत घरी आलं.

*

मे महिना. लच्छूबाई टेकाम पुढे, मी मागे,
हातातल्या यंत्रावर आकडे सरकतायत,
सत्त्याहत्तर पूर्णांक नऊ नऊ नऊ...
आणि अठ्ठ्याहत्तर.
मी थांबले. "इथं."
"इथं काय?"
"रेघ आहे, मावशी."
तिनं वाकून पाहिलं. मुंग्या. सागाचं जाळीदार पान.
"कोनी वढली?"
हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.
"वाटनीची हाय का?"
"नाही. नुसती मोजायची."
"मंग बरं हाय,"
म्हणाली, आणि मोळीसकट ओलांडून गेली.

पुढे उतारावर माझा नकाशा सांगत होता: दाट वन.
अचूकता एक्क्याण्णव टक्के.
तिनं पाचोळा बाजूला केला, चार बोटांनी वाळू उकरली.
वाळू आधी काळी झाली, मग चमकली,
मग ओंजळभर पाणी वर येऊन
आमच्याकडे बघायला लागलं.

माझा एक चौकोन दहा मीटरचा.
एवढा मोठा, की त्यात हा झरा सहज मावतो,
आणि एवढा मोठा, की त्यात हा झरा दिसत नाही.

"तुला कसं कळलं मावशी?"
"डुकरं उकरत्यात चैतात. म्या डुकरायला बघते."
सहाशे चित्रं डाउनलोड केली होती मी,
ढग गाळले, सावल्या गाळल्या,
डुकरांचा रकाना नव्हता.

"नाव काय याचं?"
"डुकरझिरा."
"आणि त्या वरच्या कपारीतल्याचं?"
ती बराच वेळ वर बघत राहिली.
"त्याचं नाव सासूले ठाऊक व्हतं."

*

लॅबमध्ये रात्री फाईल उघडली.
पहिल्या ओळीत डुकरझिरा नव्हता,
प्रश्नचिन्हांची रांग होती,
मघाच्या मुंग्यांसारखी, सरळ.
दुसऱ्या ओळीत काहीच नाही.
संगणक अशा जागेला नल म्हणतो.
आमच्या गल्लीत नळालाही तसंच म्हणावं लागतं, आठवड्यातले सहा दिवस.

पहिलीचा इलाज मला येतो,
एन्कोडिंग बदलायचं, देवनागरी परत येते.
दुसरीचं मॅडमना विचारलं.
त्यांनी कप उचलला,
त्यात चहा नव्हता,
तरी तो तसाच धरून
त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिल्या.